इंजेराचे डोळे

२००८ च्या ऑक्टोबरात आम्ही बाहिरदारला राहायला गेलो तेव्हा पावसाळा नुकताच ओसरला होता. इथिओपियाच्या वायव्येला, ताना सरोवराच्या दक्षिण काठावर वसलेलं हे शहर. इथूनच निळी नाईल सरोवराबाहेर पडते. नवऱ्याला तिथल्या विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवायचं होतं. त्या काळात कितीतरी भारतीय प्राध्यापक इथिओपियात जात असत. त्याआधी, सम्राट हेले सेलासीच्या अमदानीत, शेकडो भारतीय शिक्षकांनी तिथल्या गावोगावच्या शाळा चालवल्या होत्या. पन्नाशी उलटलेला माणूस भेटला आणि आम्ही भारतीय आहोत असं कळलं, की तो हमखास आपल्या भारतीय गणिताच्या मास्तरांची आठवण सांगायचा.

शहराबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना पिवळीजर्द शेतं होती. मी इगतपुरी तालुक्यातल्या घोटीची. भाताची खाचरं संपून माळ सुरू झाला, की आमच्याकडेही त्याच दिवसांत असाच पिवळा रंग पसरतो. त्या शेतांकडे बघून घरची आठवण आली, पण ही आठवण म्हणजे नव्या मुलखातल्या माणसाच्या मनाचा खेळ, असं समजून मी ती बाजूला सारली.

शेजारी एक वयस्कर बाई राहत. सगळी आळी त्यांना 'इत्ये' म्हणायची. अम्हारिक भाषेत थोरल्या बहिणीसारख्या बाईला मानाने हाक मारायचा हा शब्द, आपल्या 'अक्का'सारखा. आमचं सामान अजून खोक्यांतच होतं, तेव्हा त्या दारात येऊन म्हणाल्या, "एनेब्ला." म्हणजे 'चला, जेवू या.' तिथे कुणी जेवत असताना दुसरं माणूस आलं, तर हा शब्द उच्चारल्याशिवाय पुढचा घास घेत नाहीत. आपल्याकडेही 'या जेवायला' म्हणतात, त्यामुळे ते मला लगेच उमगलं.

गवताच्या रंगीत विणीच्या, डमरूसारखी कंबर असलेल्या उंच टोपलीवर, म्हणजे मेसोबवर, एक भलंमोठं ताट होतं आणि ताटभर एकच इंजेरा पसरलेला. दीड-दोन फूट व्यासाचा, राखाडी रंगाचा, मऊ आणि ओलसर. वरचा सगळा पृष्ठभाग बारीक भोकांनी भरलेला. त्यावर मसुरीचं लालभडक कालवण, कोबी-बटाट्याची हळद घातलेली भाजी, शिजवलेला पाला आणि मधोमध शिरो. शिरो म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याच्या किंवा वाटाण्याच्या मसालेदार पिठाचं पिठलं. दुसरं नाव मी त्याला देऊ शकत नाही. कांद्यावर पाणी ओतून, उकळी फुटल्यावर पीठ वैरून ते घोटतात, आणि मातीच्या भांड्यात रटरटत असतानाच समोर आणतात.

इत्येंनी इंजेराचा तुकडा तोडला, त्यात शिरो आणि मसूर गुंडाळून एक मोठा घास केला आणि सरळ माझ्या तोंडासमोर धरला. याला गुर्शा म्हणतात. घास जितका मोठा तितकी माया जास्त. नाही म्हणायचं नसतं. आपल्याकडे लग्नात नवराबायको एकमेकांना घास भरवतात, आजी नातवाला भरवते. पण पहिल्याच भेटीत शेजारणीने भरवलेला घास मी तेवढाच खाल्ला आहे. चव आंबट होती. ताकाचा किंवा चिंचेचा नव्हे, रात्रभर आंबलेल्या आंबिलीचा आंबटपणा. भोकांमध्ये कालवणाचा रस शिरलेला होता, त्यामुळे चावताना तो आतून सुटत होता.

हे पीठ टेफचं. टेफ हे गवताच्या जातीचं धान्य. दाणा जेमतेम एक मिलिमीटरचा. गव्हाच्या एका दाण्याच्या वजनात टेफचे शंभराहून जास्त दाणे बसतील. मुठीत घेतलं तर बोटांच्या फटींतून वाळूसारखं ओघळतं. इतक्या बारीक दाण्याचा कोंडा वेगळा काढता येत नाही, म्हणून टेफ नेहमी अख्खंच दळलं जातं. पेरताना बी उधळून टाकतात, आणि त्याआधी गुरं फिरवून जमीन तुडवून घट्ट करतात. भुसभुशीत मातीत ते खोल गेलं तर उगवणारच नाही. त्याची काडी इतकी नाजूक की कणसं भरली की पीक आडवं होतं, आणि उत्पादन हाती कमीच लागतं. तरीही इथिओपियात कुठल्याही तृणधान्यापेक्षा जास्त जमीन टेफखाली आहे, सुमारे ३० लाख हेक्टर. मळणीनंतरचा पेंढा जनावरांना जातो आणि घराच्या भिंती लिंपायच्या चिखलातही मिसळला जातो.

भाषेत इंजेरा किती खोल मुरला आहे ते मला एका शब्दाने कळलं. अम्हारिकमध्ये सावत्र आईला 'येंजेरा एनात' म्हणतात: इंजेराची आई. जन्म दिला नाही, पण भाकर दिली, ती आई. आपल्या 'सावत्र' या शब्दात सवत दडलेली आहे. त्यांच्या शब्दात ताट आहे. दोन समाजांनी एकाच नात्याकडे किती वेगळ्या बाजूने पाहिलं, याचा मी नंतर कितीतरी दिवस विचार करत होते.

मला इंजेरा करायला शिकायचा होता. बघून सोपा वाटला: पीठ भिजवायचं, आंबवायचं, तव्यावर ओतायचं. आंबोळी, घावन, धिरडं करणाऱ्या बाईला यात अवघड ते काय? टेफचं पीठ आणलं, पाण्यात कालवलं, इत्येंकडून एर्शो आणला. एर्शो म्हणजे आधीच्या आंबवणाच्या वर साचलेलं पिवळसर पाणी, त्यांचं विरजण. तीन दिवस पीठ झाकून ठेवलं. आंबट वास सुटला, फेस आला. तव्यावर ओतलं, आणि जे तयार झालं ते ठिसूळ, भेगाळलेलं, डाग पडल्यासारख्या चार-दोन भोकांचं. उचलायला गेले तर तुकडे पडले. पुन्हा तीन दिवस थांबले, पुन्हा तसंच झालं.

इत्येंनी पातेल्यात बोट घालून चव घेतली आणि विचारलं, "अब्सित?"

अब्सित मी केलाच नव्हता, कारण तो असतो हेच माहीत नव्हतं. पीठ दोन-तीन दिवस आंबलं की वरचं पाणी ओतून टाकतात. मग खालच्या दाट पिठातला थोडा भाग, साधारण दहावा हिस्सा, वेगळा काढून पाण्यात शिजवतात. ढवळत राहायचं, ते घट्ट, चकचकीत होतं. कोमट झालं की पुन्हा मूळ पिठात मिसळायचं. तास-दोन तासांत पीठ नव्याने फुगतं, वर येतं, आणि तेव्हाच भाजायला घ्यायचं. हा शिजवलेला भाग म्हणजे अब्सित.

चुलीपाशी उभी राहून इत्ये ढवळत होत्या आणि मला माझ्या आजीचे हात दिसत होते. तांदळाच्या भाकरीसाठी ती अशीच उकड काढायची. आधणात पीठ घालून झाकण ठेवायचं, वाफ जिरू द्यायची, मग ते गरम गरम मळायचं. गव्हाच्या पिठाला उकड लागत नाही. तांदळाला लागते, नागलीलाही गरम पाणी लागतं. गव्हात ग्लुटेन असतं. पाणी लागलं की त्याचे धागे जुळतात आणि पीठ ताणलं जातं. तांदळात, नागलीत, टेफमध्ये ते नाही. म्हणून तिथे दुसरा आधार हवा, तो पिठूळ पदार्थाचा. स्टार्चला पाणी आणि उष्णता दोन्ही मिळाली की त्याचे कण फुगून फुटतात आणि चिकट खळ तयार होते. ही खळ बाकीच्या पिठाला धरून ठेवते. उकड आणि अब्सित ही एकाच अडचणीवरची उत्तरं, समुद्राच्या दोन बाजूंना कुठल्या कुठल्या बायकांनी चुलीपाशी शोधलेली. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

इंजेरात ही खळ आणखी एक काम करते. पिठातले सूक्ष्मजीव, म्हणजे यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू, सतत कार्बन डायऑक्साइड सोडत असतात. पातळ पिठात हे बुडबुडे वर येऊन फुटून जातील. अब्सितमुळे दाट झालेल्या पिठात ते अडकून राहतात. मग मिताद तापते. ही मातीची मोठी सपाट परात, इंजेराएवढी. आता शहरात विजेच्या मितादही आल्या आहेत, पण इत्येंचं लाकडांवरचं काम सुटलं नव्हतं, आणि त्या धुराने त्यांचे डोळे कायम लाल असत. मितादवर बाहेरून आत गोल गोल धार सोडत पीठ ओततात. खालून आच लागते, बुडबुडे वर धावतात आणि पृष्ठभाग घट्ट होत असतानाच फुटतात. त्यांच्या वाटा तशाच उघड्या राहतात. मग वर झाकण पडतं आणि वरची बाजू वाफेवर शिजते. इंजेरा उलटत नाहीत. दोन-तीन मिनिटांत गवताच्या पसरट सुपासारख्या सेफेदवर तो घसरवून काढतात.

आपण म्हणतो 'जाळी पडली'. ते त्या भोकांना 'डोळे' म्हणतात, आणि इंजेरा कसा झाला ते डोळ्यांवरूनच ठरतं. दाट, सारखे, मोकळे डोळे हवेत. ज्या दिवशी माझ्या इंजेराला इत्येंनी जवळून पाहिलं आणि "बेताम तिरू" म्हणाल्या, म्हणजे 'फार छान', तो दिवस मला तारखेसह आठवतो.

टेफ पांढरं असतं, तांबडं असतं आणि मिसळीचंही असतं. पांढरं महाग, पाहुण्यांसाठीचं, तांबडं गरिबाघरचं. आता पौष्टिकतेच्या चर्चेमुळे तांबड्याला मान मिळू लागला आहे. टेफमध्ये लोह फार असतं असं सांगतात, आणि असतंही. पण जुन्या तपासण्यांमधले फार मोठे आकडे जपून घ्यावेत, कारण बैल फिरवून जमिनीवर मळणी केलेल्या इवल्या दाण्यांबरोबर मातीही येते, आणि मातीतलं लोह तपासणीत मोजलं जातं. आंबवण्याचा फायदा मात्र पक्का आहे. धान्यातलं फायटिक आम्ल लोहाला अडवून ठेवतं. आंबताना ते घटतं.

तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपास हा माझ्यासारख्या शाकाहारी घरातल्या बाईसाठी मोठा आधार होता. वर्षातल्या बहुतेक बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय ईस्टरच्या आधी सलग ५५ दिवस, आणि वर इतर कितीतरी उपास. या दिवसांत मांस, अंडी, दूध, तूप, लोणी काही चालत नाही. आपल्या उपासाच्या ताटात दूध-तूप चालतं आणि डाळ-धान्य चालत नाही. त्यांच्याकडे अगदी उलट. म्हणून त्या दिवसांचं ताट डाळी, भाज्या आणि तेलबियांनी भरतं. करडई भिजवून वाटून तिचं पांढरं दूध काढतात आणि त्यात इंजेराचे तुकडे कालवतात. करडईला ते सूफ म्हणतात. करडईचं दूध निघतं हे मला बार्शी-सोलापूरकडच्या मैत्रिणींमुळे ऐकून माहीत होतं. चाखलं ते बाहिरदारला.

उपासाच्या रांधण्यासाठी तेल कुठलं वापरता, असं मी एकदा इत्येंना विचारलं. त्या म्हणाल्या, नूग. हा शब्द तेव्हा माझ्या कानावरून निघून गेला.

मग आईने पाठवलेली बरणी आली. सुट्टीहून परतणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर तिने लसूण घालून कुटलेली खुरासणीची चटणी पाठवली होती. खुरासणी म्हणजेच कारळे. आमच्या इगतपुरी, त्र्यंबक, पेठ भागात खुरासणीच म्हणतात. बुधवार होता. चटणीत उपासाला न चालणारं काही नाही, म्हणून मी चमचाभर इत्येंच्या ताटात वाढली. त्यांनी आधी वास घेतला. मग चिमूट जिभेवर ठेवली आणि एकदम म्हणाल्या, "नूग!" मी म्हटलं, नाही, हे आमच्याकडचं आहे. त्या उठल्या, आतून कापडी पिशवी आणली आणि माझ्या ओंजळीत काळ्या चकचकीत बारीक बिया ओतल्या. खुरासणीच होती. तेच टोकदार दाणे, तोच रंग.

दुसऱ्या दिवशी त्या मला बाजारात घेऊन गेल्या. नूगाचे ढीग पडले होते. आणि त्यांच्या शेजारी, एका बाईच्या पुढ्यातल्या पोत्यात, विटकरी रंगाचे गोल दाणे. मी हात घातला. नागली. "दागुसा," इत्ये म्हणाल्या. गोज्जाम आणि गोंदर भागात दागुसा भरपूर पिकतो. टेफ महागलं की त्यात दागुसाचं पीठ मिसळून इंजेरा करतात, आणि त्याची घरगुती बिअरही गाळतात. शहराबाहेरची ती पिवळी शेतं फुललेल्या नूगाची होती, हे मग वेगळं विचारावं लागलं नाही.

घरी येऊन मी पुस्तकं धुंडाळू लागले. कारळ्याचं शास्त्रीय नावच 'ग्विझोटिया अॅबिसिनिका' आहे. अॅबिसिनिया म्हणजे इथिओपिया. या पिकाचे रानटी भाऊबंद तिथल्या डोंगरांत आजही उगवतात. जगात हे पीक मुख्यतः दोनच देश घेतात, इथिओपिया आणि भारत. आमच्या बोलीतलं 'खुरासणी' हे नाव इराणकडे बोट दाखवतं, आणि झाड आलं आहे आफ्रिकेतून. नागलीचंही तसंच: तिचा रानटी पूर्वज पूर्व आफ्रिकेच्या पठारांवरचा. ज्वारीही तिकडचीच. सुदानच्या पूर्व भागात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या खापरांमध्ये लागवडीतल्या ज्वारीच्या भुशाचे ठसे मिळाले आहेत. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली. म्हणजे तांदळाची सोडली, तर ज्या भाकरीला आपण मराठी मातीची खूण मानतो, तिची तिन्ही धान्यं आफ्रिकेतून आलेली आहेत. काही हजार वर्षांपूर्वी, कुणा अनाम दर्यावर्दींच्या शिदोरीतून किंवा बियाण्याच्या गाठोड्यातून.

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव १९२६-२७ मध्ये इथिओपियात फिरला आणि जगातल्या पिकांच्या मोजक्या उगमस्थानांमध्ये त्याने या देशाची गणना केली. उंच पठारं, खोल दऱ्या, प्रत्येक डोंगराचं वेगळं हवामान, आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या बी निवडून ठेवणारे शेतकरी. माणसांच्या येण्याजाण्याची आपल्याला निदान आठवण आहे. 'हबशी' हा शब्द मराठीत आहे, मुरुडचा जंजिरा आहे, इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर आहे, ज्याने खडकी वसवली आणि दख्खनच्या महसुलाची घडी बसवली. पण मलिक अंबर अहमदनगरला आला तेव्हा त्याच्या मुलखातलं धान्य इथे रुजून हजारो वर्षं झाली होती. घोटीच्या बाजारात आदिवासी बायका पाटीत नागली आणि खुरासणी घेऊन बसतात, तेव्हा यातलं कुणालाच काही ठाऊक नसतं. मलाही नव्हतं.

टेफ मात्र या धान्यांबरोबर आपल्याकडे आलं नाही. १८८६ साली लंडनच्या क्यू उद्यानाने इथिओपियातून बी आणवून भारतासह अनेक देशांना वाटलं, पण इथे ते फारसं रुजलं नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस ग्लुटेन न चालणाऱ्या लोकांमुळे युरोप-अमेरिकेत त्याला मागणी आली आणि त्याबरोबर एक कटू प्रकरणही आलं. २००७ साली नेदरलँड्समधल्या एका कंपनीला टेफच्या पिठावरच्या प्रक्रियेचं युरोपीय पेटंट मिळालं. ज्यांनी हे धान्य घडवलं, त्यांनाच त्याचं पीठ त्या बाजारात विकायला अडथळा. २०१८ मध्ये हेगच्या न्यायालयाने, यात नवा शोध नाही, असं म्हणून ते पेटंट तिथे रद्दबातल ठरवलं. ती बातमी वाचली तेव्हा आम्ही परतून बरीच वर्षं झाली होती. मला हळदीची गोष्ट आठवली. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं होतं, आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लढून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. त्या वेळी आपल्याकडे सगळ्यांना किती आनंद झाला होता. टेफच्या निकालाने इत्येंना तेवढाच झाला असेल का, हे विचारायला त्या जवळ नव्हत्या.

आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मला एक गाठोडं दिलं. त्यात दिर्कोश होता: इंजेराचे तुकडे उन्हात कडकडीत वाळवलेले. महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून प्रवासाला निघणाऱ्याला देतात. तिखट कालवणात भिजवला की पुन्हा मऊ होतो. त्याला फिरफिर म्हणतात.

घोटीला आल्यावर मी तो आईच्या हातात दिला आणि काय आहे ते सांगितलं नाही. तिने एक तुकडा मोडून पाहिला, भोकं उजेडाकडे धरून निरखली, वास घेतला. "आंबवलंय," म्हणाली. मग कढईत तेल तापवलं, लसूण ठेचला, मोहरी, कांदा, तिखट घातलं, वाटीभर पाणी ओतलं, आणि उकळी फुटल्यावर ते तुकडे चुरून त्यात सोडले. शिळ्या नागलीच्या भाकरीचा कुस्करा ती जन्मभर जसा करत आली होती, अगदी तसाच. झाकण ठेवून तिने वाफ येऊ दिली, पहिला घास फुंकून गार केला आणि माझ्या तोंडासमोर धरला.